उलट उजळणी

कंपूवरून टेम्पो सुटतो पावणेसातला.
मांडीवर पुस्तक, पुस्तकावर मफलर,
धुकं इतकं की किल्ला आहे हे नुसतं ऐकून माहीत.
शेजारची बाई विचारते, कौनसी परीक्षा है दीदी?
मी सांगते, बेहोशी वाली.
ती जरा सरकून बसते.

घरी आम्ही तिला भूल म्हणतो.
डॉक्टर भदौरियांना हा शब्द सांगितला तेव्हा
मास्कमागे कितीतरी वेळ हसले:
सिस्टर, हमारे यहाँ तो भूल मतलब ग़लती!
तेव्हापासून वहीवर, औषधांच्या तक्त्यावर
मी दोन्ही अर्थ धरून लिहिते.

अकरा वर्षं पेशंटच्या हाताशी काढली.
सलाईन, पट्टी, पाठीला उशी,
नातेवाइकांना बाहेर काढणं, पुन्हा आत बोलावणं.
आता मला उशाशी उभं राहायचंय.
दौलतगंजच्या देवळात कीर्तनकारबुवा सांगत,
उशाशी बसला तो दुर्योधन, पायाशी बसला तो अर्जुन.
बुवा, एक सांगायचं राहिलं तुमचं:
झोपलेल्याचा श्वास उशाकडून दिसतो.

रात्री सासऱ्यांच्या घोरण्यावर अभ्यास करते.
खरंच.
जीभ मागे पडली की घोरणं तुटतं,
एक, दोन, तीन, चार,
मी पेन खाली ठेवते,
आणि गाडी पुन्हा सुरू.
नवरा म्हणतो, अप्पांनाच बसव पेपरला.
अर्ज मात्र त्यानेच दोनदा तपासला.
वयाची अट पस्तीस. मला अडीच महिने शिल्लक.

मंगळवारी टेबल दोनवर कल्याण कुशवाह.
चाळीस वर्षं खाणीत दगड फोडले, आता पित्ताशयात खडे.
छातीत अजून धूळ शीळ घालते.
कवळी काढून त्यांनी माझ्या हातात दिली,
ओल्या गॉजमध्ये गुंडाळून मी ठेवली.
गिनती करो बाबा, सौ से उल्टी.
सौ, म्हणाले, आणि थांबले.
ट्रकमध्ये दगड भरायचे ते सरळ मोजून,
उलट मोजायची वेळच आली नव्हती कधी.
मग मीच म्हणू लागले त्यांच्या कानाशी,
आणि गडबडीत माझी मराठी आली:
नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव,
पांढरं औषध नळीतून सरकत होतं,
सत्त्याण्णव, शहाण्णव,
पापणीला बोट लावलं, हलली नाही.
पंचाण्णव मी एकटीच म्हटलं.

जबडा तुम्ही धरा, डॉक्टर म्हणाले, बघू.
बोटं हाडामागे, वर, अजून वर.
माणसाचं डोकं केवढं जड असतं
जेव्हा ते तो स्वतः उचलत नाही.
मॉनिटरचा सूर थोडा उतरला,
मग चढला.
मला आनंदबिनंद झाला नाही. घाम आला.

संध्याकाळी बाड्यावर उतरले,
सुट्या पैशांसाठी स्वेटरच्या खिशात हात घातला
तर गॉज. गॉजमध्ये दात.
तिथूनच उलट फिरले.
वॉर्डात कल्याणबाबा जागे, तोंड मिटून,
मुलाला खुणेने काहीतरी विचारत होते.
कवळी धुऊन हातात दिली. म्हटलं, बाबा, भूल हो गई.
त्यांनी ती बसवली, जबडा हलवून पाहिला,
माझी बोटं होती नेमकं तिथे चाचपलं. दर्द है यहाँ.
मी काही बोलले नाही.
मग म्हणाले, गिन कौन रहा था?
मैं.
समझ में तो कुछ नहीं आया, ते म्हणाले,
पर कोई गिन रहा था.

पेपर रविवारी, दहाला, झाशी रोडच्या कॉलेजात.
दोन पेनं, ओळखपत्र, डबा.
किलोला किती मिलिग्रॅम, सगळं झालंय.
चौऱ्याण्णवच्या खालचे आकडे
माझ्यासमोर अजून कुणाला म्हणावे लागले नाहीत.
तरी पाठ केलेत.
एकपर्यंत.